काडीकचरा तापवायचा कसा? बायोमासच्या प्रयोगशाळेतील रिअ‍ॅक्टरांचा आढावा

सोयाबीनची मळणी उरकली की लातूर जिल्ह्यात बांधाबांधावर भुसकटाचे ढीग लागतात. पुढे तूर निघते आणि तुराट्या उरतात. नांदेडकडच्या काळ्या रानात कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून रचल्या जातात. अर्धापूरच्या पट्ट्यात केळीचा घड उतरला की पाण्याने भरलेले खोड मागे राहते. उसाच्या फडात पाचट पडते, कारखान्याच्या आवारात बगॅस. यातले काही जनावरांपुढे जाते, काही चुलीत, काही ब्रिकेटच्या कारखान्यात ‘पांढरा कोळसा’ व्हायला. उरलेल्याला शेतातच काडी लावली जाते.

याच मालापासून इथेनॉलसाठी साखर काढता येते, जमिनीत घालायचा बायोचार करता येतो, तेल आणि वायू मिळवता येतात, औष्णिक केंद्रांत कोळशासोबत जाळायच्या गोळ्या बनवता येतात. हे सगळे आधी प्रयोगशाळेतल्या लहान रिअ‍ॅक्टरमध्ये तपासावे लागते, आणि तसे तपासण्याजोग्या संस्था मराठवाड्यात आहेत. नांदेडला विष्णुपुरी येथे १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र लातूरला आहे. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आणि मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे जालना केंद्र २०१८ पासून सुरू आहे.

अशा कोणत्याही प्रयोगाच्या अहवालात तापमान ठळकपणे लिहिलेले असते: ५०० अंश, १८० अंश, ५५ अंश. तो माल त्या तापमानापर्यंत कसा पोचला, किती वेळात पोचला आणि तिथून खाली कसा आला, याबद्दल मात्र बहुधा एकच ओळ असते. प्रत्यक्षात तापवण्याची पद्धत बदलली की त्याच पऱ्हाटीपासून कोळसा जास्त मिळेल की तेल, साखर टिकेल की करपेल, हे बदलते. म्हणून उपकरणांच्या यादीतल्या या दुर्लक्षित रकान्याकडे नीट पाहायला हवे.

उष्णता आत शिरत का नाही

कोरडा काडीकचरा हा मुळात उष्णतारोधक पदार्थ आहे. पाण्याची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे ०.६ वॅट, स्टेनलेस स्टीलची सुमारे १६, तर लाकडाची ०.१ च्या आसपास. सैल भरलेला बगॅस त्याहूनही खाली जातो, कारण त्यात बरीचशी हवाच असते. पाच सेंटिमीटर व्यासाच्या नळीत असा बगॅस भरला आणि नळी बाहेरून तापवली, तर बाहेरची उष्णता मध्यापर्यंत पोचायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. व्यास दुप्पट केला तर हा वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. याउलट एक मिलिमीटरचा लाकडाचा कण गरम वाळूत पडला तर तो एक-दोन सेकंदांत आतपर्यंत तापतो.

ओलावा हा दुसरा अडथळा. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये निम्मे पाणी असते. केळीच्या खोडात तर नव्वद टक्क्यांच्या घरात. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात आणि ते पाणी संपेपर्यंत मालाचे तापमान शंभर अंशांपाशी अडून राहते.

तिसरी गोष्ट भांड्याची. एक लिटरच्या दाबसह रिअ‍ॅक्टरमध्ये अर्धा लिटर पाण्यातला लगदा ३० अंशांवरून १८० अंशांवर न्यायचा, तर लगद्याला सुमारे ३२० किलोज्यूल लागतात. पण रिअ‍ॅक्टरच्या तापणाऱ्या पोलादाचे वजन सहा किलो धरले, तर त्यालाच ४५० किलोज्यूल हवेत. भांडे मालापेक्षा जास्त उष्णता खाते आणि प्रयोग संपल्यावर तीच उष्णता मालाला परत देत राहते.

बर्नर, मँटल, तेल आणि वाळू

गॅस बर्नर सर्वांत स्वस्त. ज्योत हजार अंशांच्या वर सहज जाते आणि वीज गेली तरी चालते. पण ज्योतीवर नियंत्रण हातानेच ठेवावे लागते, भांड्याच्या तळाला एका जागी चटका बसतो, आणि काडीकचऱ्यातून निघणारे वायू स्वतः ज्वलनशील असल्याने जवळ उघडी ज्योत धोक्याची. राख काढण्यापूर्वी नमुना काळा करून घेण्यासारख्या कामापुरती ती ठीक. मोजमापाच्या प्रयोगात तिला जागा नाही.

हीटिंग मँटल जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात असतो. काचतंतूंच्या विणकामात नायक्रोमची तार गुंफलेली असते. तापवणारी तार म्हणून निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श याने अमेरिकेत १९०६ साली घेतले; आजच्या विजेच्या शेगड्या आणि भट्ट्या त्याच वाटेवरच्या आहेत. काचतंतूंमुळे मँटल साधारण ४०० अंशांपर्यंतच वापरता येतो. त्यावरचे बटण तापमान नव्हे, तर फक्त वीज कमी-जास्त करते. काचेच्या चंबूत आम्ल घालून काडीकचरा शिजवणे किंवा द्रावकाने त्यातले अर्क काढणे, एवढ्यासाठी मँटल उत्तम.

ऑइल बाथ अधिक सौम्य. सिलिकॉन तेल २०० ते २५० अंशांपर्यंत चालते, भांड्याला चहूबाजूंनी सारखी उष्णता मिळते आणि तेल ढवळत ठेवले तर एक-दोन अंशांच्या आत तापमान राखता येते. पायरोलिसिस, म्हणजे प्राणवायूशिवाय तापवून केलेले विघटन, मात्र तेलाच्या मर्यादेपलीकडचे आहे. वितळलेल्या क्षारांचे पात्र ५०० अंशांपर्यंत नेते आणि उष्णता अत्यंत वेगाने देते. पण हे क्षार बहुधा नायट्रेट-नायट्राइट असतात आणि ते तीव्र ऑक्सिडीकारक आहेत. रिअ‍ॅक्टर गळून लाकडाचा भुगा किंवा तेल त्यात पडले तर स्फोट होऊ शकतो. सेंद्रिय मालावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत हे पात्र नसलेलेच बरे.

यापेक्षा सुरक्षित पर्याय म्हणजे फ्लुइडाइज्ड सँड बाथ. बारीक वाळू किंवा अ‍ॅल्युमिनाच्या कणांतून खालून हवा सोडली की कण द्रवासारखे उसळू लागतात आणि संपूर्ण पात्रात तापमान एकसारखे राहते. दहा-वीस मिलिलिटरच्या पोलादी नळ्या, दोन्ही टोकांना बूच लावून, या वाळूत बुडवल्या की दोन-चार मिनिटांत हव्या त्या तापमानाला पोचतात. बाहेर काढून थंड पाण्यात टाकल्या की अभिक्रिया तिथेच थांबते. जलीय प्रक्रियांच्या गतिशास्त्रासाठी जगभर ही जोडी वापरली जाते. पोलादी नळ्या आणि त्यांची बुचे बाजारात मिळतात. दाबाची गणिते नीट केली आणि चाचणी घेतली तर लहान संस्थेलाही ती परवडते.

विजेची भट्टी: घरचे घोडे

मफल फर्नेस आणि ट्युब्युलर फर्नेस ही बायोमास प्रयोगशाळेतली रोजच्या कामाची यंत्रे. लोह-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमची कांथल तार किंवा सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या, डिजिटल पीआयडी नियंत्रक, सॉलिड स्टेट रिले आणि सिरॅमिक लोकरीचे आवरण एवढ्यावर भट्टी उभी राहते. राख मोजण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेची पद्धत ५७५ अंश सांगते. त्यासाठी मफल फर्नेसच हवी.

हळू पायरोलिसिससाठी नळीची भट्टी सोयीची पडते. नळीतून नायट्रोजन सोडायचा, मिनिटाला ५ ते २० अंशांनी तापमान चढवायचे, बाहेर पडणारी वाफ थंड करून द्रव गोळा करायचा. पऱ्हाट्या आणि तुराट्या लाकडाच्या जातीच्या असल्याने या भट्टीत त्यांचा चांगला कोळसा होतो. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कोळसा, एक तृतीयांश द्रव, एक तृतीयांश वायू, असे हळू पायरोलिसिसचे सर्वपरिचित प्रमाण आहे. २०० ते ३०० अंशांमध्ये केले जाणारे टॉरिफॅक्शन, म्हणजे गोळ्यांसाठी माल सौम्यपणे भाजून घेणे, तेही याच भट्टीत होते. केंद्र सरकारने २०२१ च्या धोरणात औष्णिक केंद्रांना कोळशासोबत बायोमासच्या गोळ्या जाळणे बंधनकारक केल्यापासून या प्रक्रियेला व्यावहारिक महत्त्व आले आहे. परळीसारखे केंद्र मराठवाड्यातच असल्याने हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याच्याही जवळचा आहे.

भट्टीचा दोष वेगात आहे. तिची भिंत जड असते, ती मिनिटाला दहा-वीस अंशांनीच चढते आणि उतरायला तास घेते. नियंत्रकाचा आकडा भट्टीच्या भिंतीजवळचा असतो. नळीतल्या मालाचे तापमान त्याहून कमी, आणि अभिक्रिया उष्णता सोडू लागली तर काही काळ जास्तही असू शकते. मालाच्या मधोमध वेगळा थर्मोकपल नसेल तर प्रयोगकर्त्याला यातले काहीच दिसत नाही.

दाबाखालचे पाणी आणि हरवलेली मिनिटे

केळीचे खोड वाळवून भट्टीत टाकणे म्हणजे इंधन जाळून पाणी उडवणे. अशा ओल्या मालासाठी बंद भांड्यात पाण्यासकट तापवण्याची जलीय प्रक्रिया आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेर्गियुस याने १९१३ च्या सुमारास वनस्पतिजन्य पदार्थ दाबाखालच्या गरम पाण्यात ठेवून कोळशासारखा पदार्थ मिळवला. उच्चदाब रसायनशास्त्रातल्या कामासाठी त्याला पुढे १९३१ चे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. १८० ते २५० अंशांमधले हायड्रोथर्मल कार्बनायझेशन हा त्याच कामाचा आजचा वारस. भुसकट आणि बगॅसमधली साखर मोकळी करण्याची पूर्वप्रक्रियाही साधारण १४० ते २०० अंशांत, याच प्रकारच्या भांड्यात होते.

इथे दाब पाणीच ठरवते. १८० अंशांना सुमारे १० बार, २०० ला साडेपंधरा, २५० ला ४०. शिवाय २५० अंशांपर्यंत पाणी सुमारे पाव पट फुगते. म्हणून भांडे दोन तृतीयांशाच्या वर भरायचे नाही आणि फुटून दाब मोकळा करणारी रप्चर डिस्क काढून ठेवायची नाही, हे दोन नियम कोणत्याही प्रयोगापेक्षा मोठे आहेत.

लहान महाविद्यालयांत यासाठी टेफ्लॉन लावलेला पोलादी ऑटोक्लेव्ह वापरतात आणि तो सरळ हॉट एअर ओव्हनमध्ये ठेवतात. खर्च कमी, एकावेळी चार-पाच नमुने होतात. पण ओव्हनमधली हवा उष्णता फार सावकाश देते, टेफ्लॉन स्वतः रोधक आहे आणि आत ढवळणे नाही. बाहेर २०० अंश दिसत असताना आतला लगदा तिथे पोचायला तासभर किंवा अधिक लागू शकतो. ‘२०० अंश, २ तास’ असे लिहिलेल्या प्रयोगातला मोठा भाग चढणीतच गेलेला असतो. टेफ्लॉनची व्यावहारिक मर्यादा सुमारे २२० अंश असल्याने त्यापुढचे प्रयोगही यात करू नयेत.

चढणीचा आणि उतरणीचा हिशेब करण्याचे साधन उपलब्ध आहे. ओव्हरएंड आणि शॉर्ने यांनी १९८७ साली मांडलेला ‘सिव्हिरिटी फॅक्टर’ तापमान आणि वेळ एका आकड्यात आणतो. त्याचा गाभा असा की तापमान दहा अंशांनी वाढले की प्रक्रियेची तीव्रता जवळजवळ दुप्पट होते. १८० अंशांवरची २० मिनिटे म्हणजे १९० अंशांवरची साधारण १० मिनिटे. याच सूत्राने चढण मोजली तर मिनिटाला ३ अंशांनी वर जाणारा रिअ‍ॅक्टर १८० ला पोचेपर्यंत, १८० अंशांवरच्या ५ मिनिटांएवढे काम आधीच करून बसलेला असतो. मिनिटाला दीड अंशाने थंड होताना तो आणखी १० मिनिटांचे काम करतो. वहीत ‘१८० अंश, १० मिनिटे’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात मालाने २५ मिनिटांचा ताप सोसलेला असतो, म्हणजे १९३ अंशांवर १० मिनिटे ठेवल्याएवढा. बगॅसमधली झायलोज साखर फर्फ्युरलमध्ये मोडते ती अशा न मोजलेल्या मिनिटांत. रिअ‍ॅक्टरच्या आत थंड पाण्याची नळी फिरवली तर उतरण काही मिनिटांवर येते. हीटर बदलण्यापेक्षा हा फरक कधीकधी मोठा ठरतो.

वाफ: साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातला स्वाभाविक पर्याय

भिंतीतून उष्णता ढकलण्याऐवजी वाफच मालात सोडली तर ती काडीच्या पृष्ठभागावर पाणी होते आणि आपली सुप्त उष्णता तिथेच देते. १८० अंशांच्या एक किलो वाफेत अशी सुमारे २,००० किलोज्यूल उष्णता असते. माल मिनिटांऐवजी सेकंदांत तापतो. मग झडप एकदम उघडली की आतले पाणी उसळून तंतू फाटतात. विल्यम मेसन याने १९२०च्या दशकात अमेरिकेत याच तत्त्वावर लाकडाच्या चिपांपासून तंतू काढून फळ्या बनवल्या, आणि आज पेंढ्यापासून इथेनॉल करणाऱ्या अनेक प्रक्रिया याच ‘स्टीम एक्स्प्लोजन’वर उभ्या आहेत.

लातूरच्या मांजरा कारखान्यासारख्या साखर कारखान्यांत बगॅस जाळूनच वाफ तयार होते. त्यामुळे बगॅस किंवा पाचटावर पूर्वप्रक्रिया करायची असेल तर प्रयोगशाळेतली पद्धत आणि पुढचा कारखाना यांत वाफेमुळे अंतर कमी राहते. विजेच्या मँटलवर मिळालेला निकाल कारखान्यात नेताना सगळे गणित पुन्हा मांडावे लागते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर उभारलेला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेला पानिपतचा इंडियन ऑइलचा इथेनॉल प्रकल्प भाताच्या पेंढ्यावर चालतो आणि दिवसाला १०० किलोलिटर क्षमतेचा आहे. एवढ्या मालाला एकेक भांडे बाहेरून तापवून पुरे पडत नाही.

वाफेचे तोटेही आहेत. ती विरघळलेल्या साखरेत पाणी वाढवते, आणि लहान बॉयलर सांभाळायला प्रशिक्षित माणूस लागतो.

मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन

मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. पाणी ही ऊर्जा सहज शोषते, कोळसाही शोषतो. कोरडे सेल्युलोज मात्र फारसे शोषत नाही. त्यामुळे वाळलेले भुसकट एकटे ठेवले तर बराच वेळ ते तापतच नाही. कुठेतरी एक ठिपका काळा झाला की तो ऊर्जा ओढू लागतो आणि तेवढी जागा भरमसाट तापते. यावर तोड म्हणून मालात आधीच थोडा कोळसा किंवा सिलिकॉन कार्बाइड मिसळतात. ओल्या लगद्यासाठी ही अडचण नाही, पण लहरी पाण्यात दोन सेंटिमीटरच्याही आतच क्षीण होतात, म्हणून भांडे लहान आणि ढवळते हवे.

घरगुती ओव्हनमध्ये केलेल्या प्रयोगांना मर्यादा आहेत. तो ऊर्जा चालू-बंद करत देतो, आतले क्षेत्र असमान असते, धातूचा थर्मोकपल ठेवता येत नाही आणि बाहेरचा इन्फ्रारेड तापमापक फक्त पृष्ठभाग वाचतो. ‘८०० वॅट, ५ मिनिटे’ ही नोंद दुसऱ्या ओव्हनमध्ये तशीच करून पाहता येत नाही. मायक्रोवेव्हमध्ये उष्णतेपलीकडचा काही खास परिणाम आहे का, यावरही दीर्घ वाद झाला. ऑस्ट्रियातील ग्राझच्या ऑलिव्हर काप्पे यांच्या गटाने २००९ साली सिलिकॉन कार्बाइडच्या कुप्या वापरल्या. या कुप्या लहरी स्वतः शोषतात, आतल्या द्रवापर्यंत पोचू देत नाहीत, फक्त उष्णता देतात. तरीही त्यांनी तपासलेल्या अभिक्रियांचे निकाल काचेच्या कुप्यांइतकेच आले. फायदा वेगाचा होता. म्हणून भुसकटावर मायक्रोवेव्हची बाजू मांडायची असेल तर तितक्याच वेगाने तापणाऱ्या सँड बाथशी तुलना करावी लागेल, सावकाश तापणाऱ्या ओव्हनशी नव्हे.

इंडक्शनमध्ये तारेच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह सोडतात आणि पोलादी भांडे स्वतःच तापते. उष्णता वेगाने येते, स्विच बंद केला की थांबते. पण ३०४ किंवा ३१६ जातीचे स्टेनलेस स्टील चुंबकीय नसल्याने साध्या इंडक्शन शेगडीवर नीट तापत नाही. साधे पोलाद किंवा ४३० जातीचे स्टील तळाला लावावे लागते. याच तत्त्वाचा सर्वांत नेमका वापर क्युरी-पॉइंट पायरोलायझरमध्ये होतो. लोखंडाच्या तारेवर मिलिग्रॅमभर नमुना लावून ती अशा क्षेत्रात ठेवली की क्षणार्धात ७७० अंशांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते, कारण त्या तापमानाला लोखंड आपले चुंबकत्व गमावते. निकेलची तार ३५८ ला थांबते. धातू बदलला की तापमान बदलते. पऱ्हाटीतले लिग्निन कोणत्या तुकड्यांत मोडते हे पाहायला ही पद्धत उत्तम; किलोभर कोळसा करायला निरुपयोगी.

गरम वाळूतले दोन सेकंद

काडीकचऱ्यापासून तेल जास्तीत जास्त हवे असेल तर सगळे गणित वेगावर येते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात स्कॉट आणि पिस्कोर्झ यांनी १९८०च्या दशकात उसळत्या वाळूच्या रिअ‍ॅक्टरमध्ये लाकडाचे बारीक कण सोडले. सुमारे ५०० अंश, वाफ रिअ‍ॅक्टरमध्ये दोन सेकंदांपेक्षा कमी राहील अशी रचना, आणि लगेच थंडावा. अशा जलद पायरोलिसिसमध्ये कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव मिळतो. तेच लाकूड, जवळपास तेच तापमान. नळीच्या भट्टीत मात्र द्रव त्याच्या निम्म्यावर येतो.

भुसकट, केळी आणि पाचट यांच्याकडून या आकड्याची अपेक्षा ठेवता येत नाही. त्यांच्या राखेतले पोटॅशियम विघटनाची दिशाच बदलते. तेल घटते, कोळसा, पाणी आणि वायू वाढतात. तपासायचे असेल तर माल पाण्याने धुऊन आणि न धुता असे दोन्ही प्रयोग करावे लागतात. उसळत्या वाळूचा रिअ‍ॅक्टर बांधायला कणांचा आकार, वायूचा वेग, वाफेतली धूळ गाळणारा सायक्लोन आणि थंडाव्याची रचना हे सगळे जमावे लागते. एका विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या प्रकल्पात ते सहसा बसत नाही. विभागाने काही वर्षांचे काम म्हणून हाती घ्यावे असे ते आहे.

स्वतःच्या आगीवर

महाराष्ट्रात या विषयाचे दोन जुने धडे आहेत आणि दोन्ही विजेशिवायचे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी तयार झाली. पाचट डब्यांत ठासून भरायचे, डबे भट्टीत ठेवायचे, खाली पाचटच पेटवायचे. डबे तापले की त्यांतून निघणारे वायू भट्टीतच जळतात आणि पुढची उष्णता तेच पुरवतात. या कामाला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात उसाचा पाला आणि बगॅस यांच्यासारख्या सैल मालावर चालणारा गॅसिफायर विकसित केला. त्यात मर्यादित हवा आत सोडून मालाचाच काही भाग जाळला जातो आणि उरलेल्या मालाचा वायू होतो. उष्णता भिंतीतून यावी लागत नाही, त्यामुळे रोधक मालाचा मूळ अडथळाच बाजूला पडतो.

प्रयोगशाळेतल्या लहान आकाराला मात्र ही रीत मानवत नाही. भांडे लहान झाले की भिंतीतून जाणारी उष्णता आत निर्माण होणाऱ्या उष्णतेला वरचढ ठरते आणि आग टिकत नाही. म्हणून संशोधक लहान गॅसिफायरला बाहेरून विजेचा आधार देतात, आणि तेव्हा मिळालेले आकडे शेतावरच्या गॅसिफायरचे नसतात. अहवालात हे स्पष्ट लिहायला हवे.

सूर्याचा पर्यायही दुर्लक्षण्याजोगा नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानात २००९ पासून ७३ शेफलर तबकड्यांच्या वाफेवर स्वयंपाक होतो. टॉरिफॅक्शन किंवा जलीय पूर्वप्रक्रियेला लागणारे तापमान अशा तबकडीच्या आवाक्यात आहे. पण ढग आला की तापमान घसरते. त्यामुळे प्रक्रियेचे मूलभूत आकडे विजेवर मिळवून मग सूर्यावर तपासणे हा क्रम योग्य.

तापमान नेमके कोणाचे?

सर्व पद्धतींना समान असलेला प्रश्न मोजमापाचा. के-प्रकारचा साधा थर्मोकपल ५०० अंशांना तीन-चार अंशांनी चुकू शकतो, हे त्याच्या मानकातच मान्य आहे. तो मालात आहे की भिंतीला टेकलेला, यावर आणखी कितीतरी अंशांचा फरक पडतो. १९९९ साली ग्रोनली, अँटल आणि वारहेगी यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात युरोपातील आठ प्रयोगशाळांनी एकाच प्रकारचे शुद्ध सेल्युलोज थर्मोग्रॅव्हिमेट्रिक, म्हणजे तापवता तापवता वजनातली घट नोंदणाऱ्या, यंत्रांवर मिनिटाला ५ आणि ४० अंशांनी तापवले. काही मिलिग्रॅमचे नमुने आणि महागडी यंत्रे असूनही निकालांत फरक पडला, आणि त्याचे मूळ मुख्यतः यंत्रायंत्रांतल्या तापमान-मापनाच्या चुकांत होते. शुद्ध सेल्युलोजची ही कथा. पन्नास ग्रॅम भुसकट भरलेल्या नळीत काय होत असेल याची त्यावरून कल्पना यावी.

नांदेड-लातूरचा हिशेब

स्थानिक परिस्थिती या निवडीत थेट उतरते. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते: २३० व्होल्टचा हीटर २०० व्होल्टवर चालला तर शक्ती जवळपास पाव भागाने घटते. नियंत्रक अंतिम तापमान गाठतो, पण चढण लांबते. सकाळी आणि संध्याकाळी केलेला ‘तोच’ प्रयोग मग तोच राहत नाही. भट्टीला स्टॅबिलायझर हवा, आणि चढणीचा वेग हीटरच्या पूर्ण ताकदीपेक्षा बराच खाली ठरवायला हवा, म्हणजे व्होल्टेज पडले तरी तो पाळता येईल.

पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. कंडेन्सरमधून मिनिटाला एक लिटर पाणी सोडले तर चार तासांच्या पायरोलिसिसमध्ये २४० लिटर वाहून जाते. तेच पाणी फिरवत ठेवणारा चिलर इथे चैन नाही. मे महिन्यात नळाचे पाणीच कोमट असते. त्यावर तेलाची वाफ नीट थंड होत नाही आणि द्रवाचा आकडा खोटा कमी येतो.

उन्हाळ्याचा आणखी एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. बायोगॅसचे लहान रिअ‍ॅक्टर साधारण ३५ ते ३७ अंशांवर ठेवायचे असतात आणि त्यासाठी हीटर असलेला वॉटर बाथ पुरेसा मानला जातो. पण खोलीतच ४२ अंश असतील तर हीटर बंद राहूनही बाथ ३७ च्या वर जातो. थंड हवामानातल्या पुस्तकांत रिअ‍ॅक्टर तापवायचा कसा एवढेच असते. नांदेडला वर्षातले काही आठवडे तो थंड ठेवण्याची सोय लागते, किंवा ५५ अंशांवर वाढणारे जिवाणू निवडावे लागतात.

यावरून निवड बरीचशी स्पष्ट होते. पऱ्हाट्या आणि तुराट्या यांच्या कोळशासाठी विजेची नळी-भट्टी, मालाच्या मध्यभागी थर्मोकपलसह. केळीच्या खोडासाठी बायोगॅस किंवा ढवळता दाब-रिअ‍ॅक्टर, आतून थंड करण्याच्या नळीसह. भुसकट आणि बगॅसच्या साखरेसाठी सँड बाथमधल्या लहान नळ्यांवर गतिशास्त्र, आणि पुढच्या टप्प्यावर वाफ. मायक्रोवेव्ह, क्युरी-पॉइंट आणि उसळती वाळू ही ठरावीक प्रश्नांसाठीची साधने; ती प्रत्येक महाविद्यालयात असण्याची गरज नाही, मराठवाड्यात एखाद्या ठिकाणी सामायिक असली तरी पुरे.

या भागातल्या संस्थांनी मिळून करण्यासारखे एक काम तर फार खर्चाचेही नाही. एका हंगामातले, एकाच शेतातले सोयाबीनचे भुसकट वाळवून, दळून, चाळून त्याचे सारखे वाटे करावेत आणि नांदेड, लातूर, परभणी, जालना इथल्या प्रयोगशाळांनी ते आपापल्या रिअ‍ॅक्टरमध्ये एकाच कागदी सूचनेप्रमाणे तापवावेत. प्रत्येकाने निकालासोबत मालाच्या आतल्या तापमानाचा सुरुवातीपासून थंड होईपर्यंतचा आलेख, भरलेल्या मालाचे वजन, नळीचा व्यास आणि थर्मोकपलची जागा द्यावी. त्यासाठी लागतो तो प्रत्येक ठिकाणी एक जादा थर्मोकपल आणि एक डेटा लॉगर. युरोपातल्या आठ प्रयोगशाळांनी शुद्ध सेल्युलोजवर जे केले ते इथल्या खऱ्या मालावर झाले, तर मराठवाड्याच्या भुसकटाबद्दल छापले जाणारे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतील.